वाचकांचे प्रश्न: फ्लोट ट्यूबसाठी फिन्स कुठले घ्यायचे?

प्रश्न: नमस्कार दादा, मी आणि माझ्या मेव्हण्याने मिळून एक फ्लोट ट्यूब (पाण्यावर आत बसून मासे पकडायची फुगवायची ट्यूब) मागवलीय. कर्जतकडे ओळखीतल्यांचा खासगी तलाव आहे, तिथे कटला-रोहूसाठी बसायचा विचार आहे. आता फिन्स (पाण्यात पुढे-मागे जायला पायात घालायची रबरी पाती) घ्यायचेत. दुकानदार म्हणतो लांब घ्या, जोर जास्त मिळतो, आणि यूट्यूबवर एकजण सांगतोय की बुटकेच घ्या. माझा पाय ९ नंबर, मेव्हण्याचा ७. एकच जोडी दोघांना चालेल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: दुकानदाराचं पोहणाऱ्यासाठी बरोबर आहे, पण तुम्ही पोहणार नाही आहात. पोहताना माणूस पाण्यावर आडवा असतो, पाय सरळ मागे असतात आणि कंबरेपासून मारता येतात. फ्लोट ट्यूबमध्ये तुम्ही खुर्चीत बसल्यासारखे बसता, पाय गुडघ्यातून खाली लोंबतात आणि प्रवास होतो उलटा, म्हणजे पाठीकडे. पाय पुढे झटकला की फिनच्या वरच्या बाजूने पाणी पुढे ढकललं जातं आणि ट्यूब मागे सरकते. सगळी ताकद गुडघ्याची आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंची, त्यामुळे फ्रीडायव्हिंगवाले (श्वास रोखून खोल बुडी मारणाऱ्यांचे) लांबलचक कडक फिन्स घेतलेत तर थोड्याच वेळात मांड्या भरून येतात, पोटरीत गोळा येतो, आणि काठ लांब असताना गोळा आला की मग काय हाल होतात ते विचारू नका. शिवाय उथळ पाण्यात लांब पातं तळाला घासतं, गाळ उठतो, मासे बिचकतात.

अगदी मऊ पण नको. स्नॉर्केलिंगचे स्वस्त पातळ प्लास्टिकचे फिन्स असतात ना, ते नुसते लपलप करतात, वारा सुटला की ट्यूब जागची हलत नाही. मधलं पातं घ्या, आखूड ते मध्यम लांबीचं, रुंद आणि हाताने वाकवल्यावर वाकेल पण सोडल्यावर लगेच सरळ होईल असं. बॉडीबोर्डिंगचे (छोट्या फळीवर पालथं पडून लाटांवर घसरायच्या खेळाचे) बुटके रबरी फिन्स यासाठी चांगले चालतात, आणि त्यातले बरेचसे तरंगतात हा मोठा फायदा. परदेशात फ्लोट ट्यूबवाल्यांमध्ये फोर्स फिनचं नाव खूप आहे, मधोमध खाच असलेलं आखूड पातं, गुडघ्यांना हलकं, पण महाग पडतं आणि बाहेरून मागवावं लागतं, सुरुवातीलाच त्याची गरज नाही. मधोमध उभे चिरलेले स्प्लिट फिन्स मी सुचवणार नाही. मारायला हलके असतात खरे, पण जागेवर वळायला आणि वाऱ्यात टिकायला कमी पडतात, त्यात आपल्याकडच्या तलावात जलपर्णी आणि शेवाळ, ते त्या चिरेत अडकतं.

आता मापाचं, माझ्या मते लांबीपेक्षा हेच महत्त्वाचं. बुटासारखे बंद फिन्स घेऊ नका, टाचेला पट्टा असलेले घ्या आणि आत पातळ निओप्रीनची (मऊ फोमसारख्या रबराची) बुटी घाला. आपल्याकडचं पाणी काही थंड नसतं, त्यामुळे बुटी उबेसाठी नाही, तर पाय सोलवटू नये आणि काठावरच्या खडी-काट्यांतून चालता यावं म्हणून. डेकॅथलॉनला जा नाहीतर धोबी तलावच्या खेळाच्या सामानाच्या दुकानांत, पण बुटी बरोबर न्या. स्टुलावर बसा, बुटीसकट फिन चढवा, पट्टा आवळा आणि पाय लोंबता ठेवून जोरात झटका. टाच उचलली जात असेल तर सैल. चवड्याच्या दोन्ही बाजूंना दाबलं जात असेल किंवा बोटं आखडत असतील तर घट्ट, पाण्यात तासभर काढल्यावर तिथेच मुंग्या येणार. पाच मिनिटं तसेच बसून राहा, दुकानदार काही म्हणत नाही. पायाच्या वरच्या बाजूला, म्हणजे बुटाची नाडी बांधतो तिथे, कुठे कड टोचतेय का ते नीट बघा, कारण प्रत्येक झटक्याला जोर तिथेच येतो.

त्यामुळेच एका जोडीत दोघांचं भागणार नाही. पट्टा फक्त टाच आवळतो, पाय घालायची खोबण तेवढीच राहते, ९ नंबरच्या खोबणीत ७ नंबरचा पाय आडवा फिरत राहील. मेव्हण्यांना जाड बुटी देऊन थोडं निभेल, पण दोन जोड्याच घ्या.

आणि फिन पायाला बांधा, हे प्लीज विसरू नका. एक फिन निसटला की तुम्ही एका पायावर गोल गोल फिरत बसता, दोन गेले की हातांनी पाणी मारत काठ गाठायचा. घोट्याला वेल्क्रोचा पट्टा आणि त्यातून फिनच्या पट्ट्याला वीतभर दोरी, बस्स. तरंगतो की बुडतो हे गच्चीवरच्या पिंपात टाकून आधीच बघून ठेवा. पाण्यात उतरताना पाठ पाण्याकडे करून उलटं चालत जा, पुढे चालाल तर पातं चिखलात रुतून तोंडावर आपटाल. लाइफ जॅकेट तर हवंच, ट्यूब फुगलेली आहे म्हणून जॅकेट नको असं नसतं.

प्रश्न: दादा, माझ्याकडे वल्ह्यांचा पॉन्टून (दोन फुगवलेल्या नळ्यांवर सीट बसवलेली छोटी होडी) आहे. फिन्स घातले की पाय ठेवायच्या दांडीला सारखे आपटतात आणि फिनचा जोरही लागत नाही. मोठे घेऊ का? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर: मोठे घेतलेत तर अजून आपटतील ताई. पॉन्टूनवर सीट पाण्याच्या वर असते, पाय फार खोल जात नाहीत, अर्धं पातं पाण्याबाहेर राहिलं की जोर लागणारच नाही. आधी सीट खाली करता येते का बघा, दांडी पुढे सरकवा किंवा काढूनच ठेवा. त्यानंतर आखूड पण जरा कडक पातं. लांबचं अंतर वल्ह्यांनीच कापायचं, फिन्स असतात दोन्ही हात रॉडवर असताना पॉन्टून जागेवर धरायला आणि तोंड वळवायला, त्यासाठी आखूड पातं भरपूर झालं. वाहत्या नदीत उथळ खडकाळ भाग आला की पाय वर घ्या, पातं दगडांत अडकलं तर प्रवाह पॉन्टूनला ओढतो आणि पाय तिथेच राहतो.

प्रश्न: भांडुपला राहतो, पवई जवळ पडतं. तिथे फ्लोट ट्यूब टाकली तर? नाहीतर खाडीत? (एक वाचक)

उत्तर: पवईत अजिबात नको. तिथे मगरी आहेत आणि तुमचे पाय पाण्यात लोंबत असणार. तिथली गळाची मासेमारी काठावरून, अँगलिंग असोसिएशनच्या नियमांत राहून करा, मस्त होते. विहार आणि तुळशी हे पालिकेचे पिण्याच्या पाण्याचे तलाव, तिकडे उतरायचा प्रश्नच येत नाही.

खाडी आणि समुद्र तर त्याहून वाईट. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, म्हणजे ओहोटीला तेवढं सगळं पाणी खाडीतून बाहेर धावत असतं, आणि फिन्सवर माणसाचा वेग फार तर रमतगमत चालण्याइतका. त्या ओढीपुढे कुठलीही जोडी पुरी पडत नाही, महागातली सुद्धा नाही.

खासगी तलाव शोधा, नाहीतर परवानगी घेऊन एखादं शांत धरण, पावसाळा सोडून. धरणांवर बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीचा ठेका असतो, त्यांना आधी भेटा, जाळी कुठल्या बाजूला लावलीत ते विचारून घ्या आणि तिकडे फिरकू नका. फिनचं बकल जाळ्यात गुंतलं तर वाकून सोडवता येत नाही, पोटापुढे ट्यूब असते. जॅकेटला दोरीने एक छोटी कात्री बांधून ठेवा आणि घोट्याचं वेल्क्रो एका हाताने झटक्यात सुटतं का ते काठावरच दोन-तीनदा करून बघा.