डेनेरिसवरून दादाशी अबोला

ताई, मी वेंगुर्ल्याची. माझा चुलतदादा डोंबिवलीला असतो. 2019 च्या मे महिन्यात तो सुट्टीला गावी आला होता, तेव्हा 'गेम ऑफ थ्रोन्स' या इंग्रजी मालिकेचे शेवटचे भाग आम्ही दोघांनी सोमवारी सकाळी साडेसहाला उठून एकत्र पाहिले. त्यातल्या ड्रॅगनवाल्या राणीने, डेनेरिसने, अख्खं शहर जाळलं ते मला आजही पटत नाही. दादा म्हणतो, ती पहिल्यापासून तशीच होती. यंदा आम्ही आपापल्या घरी सगळी मालिका पुन्हा पाहिली आणि वाद घरच्या ग्रुपवर गेला. त्याने सगळ्यांसमोर लिहिलं, "तुका काय कळणा नाय." मी त्याला लेखकांचा चमचा म्हटलं आणि ग्रुप सोडला. तेव्हापासून अबोला आहे. गणपतीला तो बायको-मुलांसह येतोय, पाच दिवस एकाच घरात राहायचं आहे. आई म्हणते, "एका सिरियलवरून काय हे!" काय करू?
– एक वाचक, वेंगुर्ले

प्रिय मैत्रिणी,

आईचं ऐकून स्वतःला गप्प बसवू नकोस. 2011 ते 2019, आठ सीझन, 73 भाग. इतकी वर्षं जे पात्र मनात वाढलं, त्याच्या शेवटावरून माणूस तळमळणारच. पण तुमचं भांडण एकाच गोष्टीवर चाललेलं नाही. दादा बोलतोय काय घडलं त्यावर, तू बोलतेस ते किती घाईत घडलं त्यावर. म्हणून वाद मिटत नाही. आणि "तुका काय कळणा नाय" या वाक्याचा डेनेरिसशी काडीचाही संबंध नाही. ते आधी बाजूला काढ.

त्यासाठी गणपतीच्या आठवडाभर आधी फोन कर. मेसेज नको, मेसेजचा स्क्रीनशॉट होतो आणि मग घरभर फिरतो. चतुर्थीच्या दिवसावरही ढकलू नकोस. माटवी बांधायची, नैवेद्य करायचा, दारात माणसांची ये-जा, त्या गडबडीत अर्धवट बोलणं होईल आणि गाठ आणखी घट्ट बसेल. फोनवर एवढंच म्हण, "दादा, मी तुका चमचो म्हटलंय, ता माझा चुकला. तू सगळ्यांसमोर लिवलंस, ता माका लागला." इथे थांब. यापुढे "पण डेनेरिस..." आलं की माफी वाया गेली. त्याने विषय काढलाच तर "गावाक ये, मगे बोलूया" म्हणून फोन ठेव.

आता वादाचं. दादाचं म्हणणं खरं आहे आणि तुझंही, दोन्ही पडद्यावरून दाखवता येतं. त्याच्या बाजूने दुसऱ्या सीझनचा 10वा भाग आहे. तिथे डेनेरिसला आभास होतो: मोडक्या छताच्या दरबारात सिंहासनावर पांढरं काहीतरी पडत असतं. तेव्हा तो बर्फ वाटतो, शेवट पाहिल्यावर राख वाटते. चौथ्या सीझनच्या चौथ्या भागात ती गुलामांच्या 163 मालकांना खांबांवर ठोकते, सातव्याच्या पाचव्या भागात शरण न येणाऱ्या बापलेकांना जिवंत जाळते. हे तू नाकारू नकोस.

तुझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा चौथ्या सीझनच्या शेवटच्या भागात आहे. एक धनगर आपल्या मुलीची जळलेली हाडं फडक्यात गुंडाळून तिच्यापुढे ठेवतो. त्या एका पोरीसाठी ती उरलेल्या दोन ड्रॅगनना स्वतःच्या हाताने तळघरात साखळदंड घालते. तीच बाई पुढे घंटा वाजल्यावर, म्हणजे शहर शरण आल्यावर, रस्त्यावरच्या पोरांसकट सगळं जाळते. मधला प्रवास कुठे आहे, असं विचार. आठव्या सीझनच्या दुसऱ्या भागात तिचा प्रियकर जॉन हाच गादीचा वारस असल्याचं तिला कळतं, तिसऱ्यात तिचा एकनिष्ठ सरदार जोरा जातो, चौथ्यात एक ड्रॅगन आणि तिची सखी मिसान्डेई, पाचव्यात शहर. आणि घंटा वाजतात तो प्रसंग नीट बघ. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो, ड्रॅगन उडतो, आणि त्यानंतर त्या भागात तिचा चेहरा जवळून दिसतच नाही. आपण खाली, शहरात अडकलेल्या आर्या या मुलीबरोबर धुळीत. जिच्या मनात सगळं घडतंय तिलाच पाहू दिलेलं नाही. तुझी नाराजी इथे आहे, असं माझं मत.

मात्र "आठव्या सीझनला सहाच भाग दिले" हा मुद्दा नुसता मांडू नकोस. आधीच्या पहिल्या सहा सीझनमध्ये दहा-दहा भाग होते, हे खरं. पण शेवटचे चार भाग सव्वा-सव्वा तासाच्या वरचे आहेत, दादा ते लगेच दाखवेल. मिनिटं गेली कुठे ते सांग. तिसरा भाग 82 मिनिटांचा आणि जवळजवळ सगळी एकच लढाई.

दशावतार पाहत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागू नये. आख्यान ठरलेलं असतं, संवाद नट तिथल्या तिथे रचतात. शेवट सगळ्यांना ठाऊक असतो, तरी राजाचा कोप चढायला वेळ मिळाला नाही तर तोच शेवट अंगावर येत नाही. मालिका ज्यांच्या पुस्तकांवर आहे त्या मार्टिन यांनी शेवटाचा ढोबळ आराखडा मालिकेचे कर्ते बेनिऑफ आणि वाइस यांना सांगितला होता. पण त्यांचं पाचवं पुस्तक 2011 मध्ये आलं आणि सहावं अजून आलेलंच नाही, त्यामुळे तिथवर जायची वाट या दोघांनाच रचावी लागली. म्हणून "पुस्तकात असंच आहे" किंवा "पुस्तकात असं नाही" हे तुम्ही दोघांनीही म्हणायचं नाही. तसंच, आठवा सीझन नव्याने करा म्हणून 10 लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या हे तू काढू नकोस आणि त्याच सीझनला 2019 मध्ये सर्वोत्तम नाट्यमालिकेचा एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला हे त्याने काढू नये. दोन्ही खरं आहे, पण डेनेरिसबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

तो आला की दुसऱ्या-तिसऱ्या रात्री, आरती-भजन आटोपल्यावर, दोघांनी मिळून पाचच भाग बघा: वर सांगितलेले दुसऱ्या, चौथ्या (दोन) आणि सातव्या सीझनचे, मग आठव्याचा पाचवा. दोन रात्रींत होतात. मुलं झोपल्यावर, माडीवर किंवा मागच्या खोलीत, हेडफोन लावून. यातली हिंसा आणि नग्नता पोरांसमोर चालणारी नाही. भाग आधीच डाउनलोड करून ठेव. पावसात लाइट आणि रेंज दोन्ही दगा देतात, आणि मधेच अडकलं की पुन्हा वादाला तोंड फुटतं. नियम एकच ठेवा: तू त्याच्या बाजूची दृश्यं दाखवायची, त्याने तुझ्या बाजूची. भाग चालू असताना पॉज नाही, बोलायचं ते नावं येऊ लागल्यावर.

त्याने "माका परत बघूचा नाय" म्हटलं तर आग्रह करू नकोस. माफीचा फोन झालेला असेल, पाच दिवस नीट जायला तेवढं पुरे. ग्रुपवर परत ॲड हो, पण हा विषय तुमच्या दोघांच्याच चॅटमध्ये ठेवा. काका-काकूंनी मालिका पाहिलेली नाही. त्यांच्यासमोर एकदा कोणी कोणाला कमी लेखलं की त्यांच्या लक्षात तेवढंच राहतं, आणि पुढच्या लग्नकार्यात कोणीतरी ते नक्की काढतं.