जुन्या कामाडोची डागडुजी : वाचकांचे प्रश्न

जाड सिरॅमिकची, अंड्याच्या आकाराची कोळशाची शेगडी म्हणजे कामाडो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी ती जपानहून घरी नेली. १९७४ मध्ये अटलांटात ‘बिग ग्रीन एग’ कंपनी सुरू झाली आणि पुढे ही शेगडी तिकडच्या परसांमध्ये चांगलीच रुळली. या वेळचे बहुतेक प्रश्न अशाच, वय झालेल्या शेगड्यांबद्दलचे आहेत.

प्रश्न : आमची शेगडी पंधरा वर्षांची आहे. झाकणाच्या कडेने धूर निघतो, ११० अंश सेल्सियसवर ठेवायला जावं तर काटा १६०वर पोचतो, आणि दोन्ही झरोके बंद केले तरी आग विझत नाही. कडेची फेल्टची पट्टी जळून गेली आहे. नवी लावली की काम भागेल? (न्यू जर्सी)

नुसत्या पट्टीने बहुधा भागणार नाही. या शेगडीत आग फक्त हवेवर चालते. खालच्या झरोक्यातून जेवढी हवा आत येईल तेवढीच आग. कडेतून चोरवाट मिळाली की झरोके कितीही सारखे करा, काटा हवा तिथे थांबत नाही. ही चोरवाट पट्टी जळल्याने जितकी होते, तितकीच झाकण त्याच्याभोवतीच्या पोलादी पट्ट्यात सरकल्यानेही होते. आणि झाकण सरकलेलं असेल तर नवी पट्टीही त्याच जागी पुन्हा जळते.

म्हणून आधी एक डॉलरची नोट घ्या. शेगडी थंड असताना नोट कडेवर ठेवून झाकण बंद करा आणि नोट ओढा. अडली तर ठीक, सुळकन निघाली तर तिथे फट आहे. असं कडेभर सात-आठ ठिकाणी करा. एकाच बाजूला ढिलाई असेल, तर दोष झाकणाच्या बैठकीत आहे. झाकण मिटलेलंच ठेवून वरच्या पट्ट्याचे नट थोडे सैल करा, झाकण दोन्ही हातांनी सरकवून खालच्या कडेशी बरोबर जुळवा, आणि नट एकदा डावा, एकदा उजवा असे आळीपाळीने आवळा. पट्टा झाकणाच्या खालच्या ओठाला टेकून बसायला हवा. तापल्यावर पोलाद सिरॅमिकपेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे दर मोसमात नट थोडेथोडे सैल होतात. वर्षातून दोनदा पाना फिरवा. पट्ट्यातून निसटलेलं झाकण फरशीवर पडलं की त्याचे तुकडेच गोळा करावे लागतात.

आता पट्टी. झाकण काढताना खबरदारी एकच, पण मोठी : बिजागरीच्या स्प्रिंगा झाकणाच्या वजनाने दाबात असतात. झाकण उचललं की रिकामा पट्टा ताडकन वर उसळतो आणि तोंडावर आदळू शकतो. म्हणून आधी पुढच्या बाजूला वरचा आणि खालचा पट्टा जाड पट्टीने एकमेकांना घट्ट बांधा, मग नट सैल करा आणि दोघांनी मिळून झाकण सरळ वर उचला. जाड चादरीवर उलटं ठेवा.

जुनं फेल्ट पुट्टीच्या पातळ पट्टीने खरवडा. राहिलेला गोंद ॲसिटोनने पुसा. हे काम उघड्यावर करा, आणि जवळपास निखारा नको. इथे घाई करू नका, कारण नवी पट्टी सुटते ती बहुतेकदा गोंदाचा जुना थर राहिल्यामुळे. कडेला सुतळी लावून माप घ्या, वर १० सेंटिमीटर जास्त धरा. तसे दोन तुकडे लागतील, एक झाकणाला आणि एक खालच्या कडेला. मागे गोंद असलेली नोमेक्सची (उष्णता सोसणाऱ्या धाग्याची) पट्टी लावायला सोपी. वरचेवर पिझ्झा किंवा नान करत असाल तर फायबरग्लासची विणलेली पट्टी जास्त टिकते, पण तिला वेगळं, उष्णता सोसणारं चिकटद्रव्य लागतं. पट्टी ताणू नका. ताणलेली पट्टी नंतर आखडते आणि सांध्यात फट पडते. सांधा मागे, बिजागरीकडे घ्या आणि टोकाला टोक भिडवून धारदार पात्याने कापा. झाकण बसवून एक दिवस मिटून ठेवा. त्यानंतरचे तीन-चार स्वयंपाक १७५ अंशांखालीच करा.

प्रश्न : आतल्या फायरबॉक्सला वरपासून खालपर्यंत तडा गेलाय. शेगडी टाकायची का? (ह्यूस्टन)

अजिबात नको. निखारे थेट या भांड्यात असतात. आतली बाजू आधी तापते, बाहेरची मागे राहते, आणि या ताणातून तडा जातो. फायरबॉक्सचं काम निखारे धरून ठेवणं आणि भोकांतून हवा सोडणं. तडा गेला तरी तो ते करतच राहतो. तुकडे सुटून आत कोसळायला लागले किंवा फायर रिंग (फायरबॉक्सवर बसणारं कडं) तिरपी बसायला लागली, तरच बदला. तडा भट्टीच्या सिमेंटने बुजवायचा मोह टाळा. दोन-चारदा तापल्यावर ते सुटून राखेत पडतं. ‘बिग ग्रीन एग’मध्ये सिरॅमिकच्या भागांना मूळ खरेदीदारासाठी हमी असते, तेव्हा पावती शोधा. नवा फायरबॉक्स बसवताना त्याचं तोंड खालच्या झरोक्यासमोरच यायला हवं.

बाहेरच्या रंगलेपावरच्या बारीक जाळीदार रेघांकडे दुर्लक्ष करा. संशयच असेल तर रात्री आत टॉर्च ठेवून झाकण मिटा. भिंतीतून प्रकाश दिसला, तरच तडा आरपार आहे. मग मात्र शेगडी वापरू नका.

प्रश्न : थर्मामीटर उकळत्या पाण्यात ९५ दाखवतो. बिघडला का? (डेन्व्हर)

तुमच्या उंचीवर पाणी उकळतंच ९५च्या आसपास! तो बरोबर आहे. मुंबईत १०० दिसायला हवा, पुण्यात साधारण ९८. फरक असेल तर तबकडीमागचा नट पान्याने धरून तबकडी फिरवा. झाकणाच्या भोकात परत बसवताना दांडीवरची चरबी पुसा. तिचा थर बसला की काटा मागे राहतो.

प्रश्न : परदेशातून आणलेली शेगडी पावसाळ्यात चार महिने झाकून ठेवली होती. आत पांढरी बुरशी, वरच्या झरोक्याचं लोखंडी चक्र गंजून अडकलंय. कोळसा पेटत नाही, रॉकेल चालेल का? (पुणे)

रॉकेल नको. सिरॅमिक सच्छिद्र असतं, ते पिऊन घेतं आणि पुढचं चिकन महिनोन् महिने रॉकेलचा वास मारतं. साबणाचंही तेच. कोळसा मात्र लाकडी हवा, दगडी नव्हे.

आधी जुना कोळसा आणि राख पूर्ण काढून टाका. ओल धरलेली राख झरोक्याची पत्र्याची खिडकी खाते. जाळी बाहेर काढून गरम पाण्याने घासा. आतली बुरशी कोरड्या ब्रशने झाडा, नाकाला मास्क बांधून. मग कोरडा कोळसा भरून दोन-तीन तास १२० अंशांवरच ठेवा. भिजलेलं सिरॅमिक एकदम तापवलं तर आतल्या वाफेने तडकू शकतं. ते वाळलं की हळूहळू २६०पर्यंत नेऊन तासभर ठेवा, बुरशी जळून जाईल.

लोखंडी चक्राच्या सांध्यात गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवा, मग लाकडाच्या तुकड्यावरून हलके ठोका. सुटल्यावर घासून धुवा, वाळवा, आणि बिडाच्या तव्यासारखा तेलाचा हात देऊन तापवा. पुढच्या जूनमध्ये शेगडी रिकामी करून ठेवा आणि झरोके बोटभर उघडे राहू द्या. प्लास्टिकचं घट्ट आवरण आतली ओल बाहेर जाऊ देत नाही.

प्रश्न : झाकण उघडताच आगीचा लोळ आला, हातावरचे केस जळले. शेगडीत दोष आहे का? (सिंगापूर)

दोष नाही. तापलेली आग हवेविना दबलेली होती, तिला एकदम हवा मिळाली. जास्त तापमानावर झाकण आधी दोन-तीन सेंटिमीटरच उचला, काही सेकंद तसंच धरा, मग पूर्ण उघडा. या लोळाने पट्टीही जळते, तेव्हा नंतर नोट लावून एकदा कड तपासा.