लिंकनची घोषणा, रूझवेल्टच्या बंद बँका, जॉन्सनचा गहू

अमेरिकेच्या अध्यक्षांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. उत्तरे देताना एकच गोष्ट कसोशीने पाहिली आहे: त्या प्रश्नावर अध्यक्षाने नेमका कोणता अधिकार वापरला, आणि तो कुठे अपुरा पडला. नुसत्या सनावळीतून हे कळत नाही.

महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील लोकांना अर्पण केले, लिंकनला नाही. गुलामांची सुटका तर लिंकनच्या १ जानेवारी १८६३ च्या घोषणेने झाली ना?
— एक शिक्षिका, सातारा

त्या घोषणेने सगळे गुलाम सुटले हा समज सर्वत्र आहे, पण तो बरोबर नाही. शांततेच्या काळात एखाद्या राज्यातली गुलामी मोडण्याचा अधिकार अमेरिकेच्या अध्यक्षाला नव्हता. लिंकनने वापरला तो सरसेनापती म्हणून मिळालेला युद्धकाळातला अधिकार: शत्रूच्या हातातले बळ काढून घेणे. त्यामुळे घोषणा लागू झाली ती फक्त बंडखोर प्रदेशाला, म्हणजे संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या राज्यांना. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसूरी ही चार राज्ये गुलामी पाळणारी होती, पण संघराज्यातून फुटली नव्हती. ती वगळली गेली. टेनेसी आणि लुईझियानाचा काही भाग संघराज्याच्या फौजांनी आधीच ताब्यात घेतला होता, म्हणून तोही वगळला.

मग घोषणेचा उपयोग काय झाला? फार मोठा झाला. फौज जसजशी दक्षिणेत शिरत गेली तसतशी ती घोषणा जमिनीवर उतरत गेली. मळ्यांवरून पळून आलेली माणसे फौजेच्या छावण्यांत पोहोचली की मोकळी होत. काळ्या पुरुषांना सैन्यात भरती करण्याचा मार्गही तिनेच खुला केला. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० काळे सैनिक संघराज्याच्या सैन्यात लढले.

तरीही लिंकनला एक भीती होती आणि ती रास्त होती. युद्ध संपले की युद्धकाळातल्या अधिकाराचे काय? न्यायालयाने घोषणा रद्द ठरवली तर? म्हणून राज्यघटनेत दुरुस्ती करणे भाग होते. त्यासाठी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, दोन्ही सभागृहांत (सिनेट आणि प्रतिनिधीगृह) दोन तृतीयांश मते आणि तीन चतुर्थांश राज्यांची मान्यता लागते. सिनेटने एप्रिल १८६४ मध्ये तेरावी दुरुस्ती मंजूर केली. प्रतिनिधीगृहात जून १८६४ मध्ये ती पडली. नोव्हेंबरमध्ये लिंकन पुन्हा निवडून आला, एकेका सदस्याला वळवण्याचे काम झाले आणि ३१ जानेवारी १८६५ रोजी ती ११९ विरुद्ध ५६ मतांनी पार पडली. घटनादुरुस्तीवर अध्यक्षाची सही लागत नाही, तरीही लिंकनने ती केली. एप्रिलमध्ये त्याची हत्या झाली. ६ डिसेंबर १८६५ रोजी ३६ पैकी सत्ताविसाव्या राज्याची मान्यता आली, आणि केंटकी व डेलावेअरमधली गुलामी तेव्हा कुठे कायद्याने संपली.

१८७३ मध्ये फुल्यांनी अर्पणपत्रिकेत अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना मान दिला, तो आम्हांला इतिहासाच्या दृष्टीनेही अचूक वाटतो. मळा सोडून पळालेले गुलाम, सैनिक, कायदेमंडळे आणि गुलामीविरुद्ध तीस-तीस वर्षे झगडलेले कार्यकर्ते यांच्याशिवाय लिंकनचा कागद कागदच राहिला असता.

रूझवेल्टने १९३३ मध्ये देशातल्या सगळ्या बँका बंद केल्या. त्यानंतर लोकांचा विश्वास कसा परत आला? आमची सहकारी बँक निर्बंधाखाली गेली तेव्हा तर उलट घबराट झाली.
— एक ठेवीदार, नाशिक

आधी प्रसंग असा. फ्रँकलिन रूझवेल्ट नोव्हेंबर १९३२ मध्ये निवडून आला, पण त्या काळी शपथविधी ४ मार्चला होत असे. या चार महिन्यांत मावळते अध्यक्ष हूवर आणि रूझवेल्ट यांचे एकत्र पाऊल पडलेच नाही. १४ फेब्रुवारीला मिशिगन राज्याने आपल्या बँका बंद केल्या. बातमी पसरली तशा शेजारच्या राज्यांतही रांगा लागल्या. शपथविधीच्या दिवसापर्यंत बहुतेक राज्यांत बँका बंद होत्या किंवा पैसे काढण्यावर मर्यादा होती.

पुढचे दिवस क्रमाने पाहावेत, कारण सगळे मर्म त्या क्रमात आहे. ६ मार्चला देशभर बँकांना सुट्टी जाहीर झाली. त्यासाठी आधार घेतला तो १९१७ च्या, शत्रुराष्ट्रांशी व्यापार रोखणाऱ्या कायद्यातील एका कलमाचा. आधार कच्चा होता. म्हणून ९ मार्चला काँग्रेसने एकाच दिवसात नवा कायदा मंजूर केला आणि आधीच्या हुकमालाही त्यातच मान्यता दिली. मग तपासणी होऊन बँकांची वर्गवारी झाली: धडधाकट, मदतीने उभ्या राहतील अशा, आणि कायमच्या बंद कराव्या लागणाऱ्या. १२ मार्चच्या रविवारी रात्री रूझवेल्टने रेडिओवरून साध्या शब्दांत सांगितले की बँक तुमचे पैसे कर्जाने देते, ते सगळे एकाच वेळी परत देणे कोणत्याही बँकेला शक्य नसते, आणि उद्यापासून उघडतील त्या तपासलेल्या बँका असतील. १३ मार्चला फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या बारा शहरांतल्या बँका उघडल्या, १४ ला क्लिअरिंग हाउस (बँकांचे चेक आपसांत वटवण्याची सोय) असलेल्या शहरांतल्या, १५ पासून उरलेल्या. महिना संपायच्या आत लोकांनी घरात दडवलेल्या रोकडीतली निम्म्याहून अधिक परत भरली.

तुमच्या अनुभवात आणि यात फरक आहे तो इथे. अमेरिकेत सगळ्याच बँका एकदम बंद झाल्यामुळे घाबरून चांगल्या बँकेतले पैसे काढायला धावण्याची सोय उरली नाही, आणि ‘उघडली म्हणजे तपासली गेली’ हा संदेश स्पष्ट होता. एकाच बँकेवर निर्बंध आले आणि ते सहा-सहा महिन्यांनी वाढत गेले की ठेवीदाराला तारीख मिळत नाही. घबराट त्यातून होते.

ठेवींचा विमा हा त्या काळातला सर्वांत टिकाऊ वारसा. रूझवेल्ट स्वतः त्याला अनुकूल नव्हता! चांगल्या बँकांना वाईट बँकांचा भुर्दंड पडेल असे त्याचे म्हणणे होते. काँग्रेसच्या दबावाने जून १९३३ च्या बँकिंग कायद्यात विमा आला आणि १ जानेवारी १९३४ पासून २,५०० डॉलरपर्यंतच्या ठेवी सुरक्षित झाल्या. भारतात १९६० मध्ये लक्ष्मी बँक आणि पलाई सेंट्रल बँक बुडाल्यानंतर १९६२ पासून हा विमा लागू झाला, सुरुवातीला १,५०० रुपयांपर्यंत. फेब्रुवारी २०२० मध्ये मर्यादा पाच लाख झाली. ती प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे मोजतात आणि तीत मुद्दल व व्याज दोन्ही येतात. एकाच बँकेच्या दोन शाखांत एकाच नावाने पैसे ठेवले तर मर्यादा दुप्पट होत नाही. निर्बंध लागलेल्या बँकेच्या ठेवीदारांना विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळावी, अशी तरतूद २०२१ च्या दुरुस्तीने केली आहे.

गाजर गवत म्हणजे काँग्रेस गवत पीएल-४८० च्या गव्हाबरोबर अमेरिकेतून आले, असे आमच्याकडे सांगतात. अध्यक्ष जॉन्सनने गहू मुद्दाम अडवून धरला होता, हेही खरे का?
— एक शेतकरी, शिरूर

दुसरा प्रश्न आधी, कारण तिथे उत्तर सरळ आहे: होय. पीएल-४८० हा कायदा आयझेनहॉवरच्या सहीने जुलै १९५४ मध्ये झाला. अमेरिकेत गव्हाचे ढीग साठले होते. ते इतर देशांना त्यांच्याच चलनात विकायचे, ही त्याची रचना. भारतासाठी सर्वांत मोठा करार मे १९६० मध्ये झाला. तेव्हाचे अन्नमंत्री, मुंबईचे स. का. पाटील यांनी वॉशिंग्टनमध्ये आयझेनहॉवरबरोबर त्यावर सही केली: चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ.

तो करार संपला तेव्हा लिंडन जॉन्सन अध्यक्ष होता आणि नेमका १९६५ मध्ये पाऊस फसला. धान्याचे उत्पादन ८.९ कोटी टनांवरून ७.२ कोटी टनांवर आले. जॉन्सनने नवा दीर्घ करार केला नाही. एक-दोन महिन्यांपुरता गहू तो मंजूर करी आणि प्रत्येक वेळी स्वतः पाहून जहाजे सोडी. कारणे तीन. भारताने उद्योगांपेक्षा शेतीवर जास्त पैसा घालावा, हा आग्रह. अमेरिकेचे स्वतःचे साठे घटत होते. आणि व्हिएतनाम युद्धावर भारत करत असलेली टीका त्याला झोंबत होती. तरी १९६६ मध्ये बाहेरून १ कोटी टनांहून अधिक धान्य भारतात आले. रेशनवरचा लाल गहू आणि मिलो ज्वारी आठवणारी पिढी अजून आहे. शेती सुधारण्याचा आग्रह चूक नव्हता, आणि तेव्हाचे अन्न व कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांचे धोरण त्या दिशेने आधीच निघाले होते. पण दुष्काळात जहाजे लांबवून केलेली सक्ती क्रूर होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याचा परिणामही उलटा झाला. अन्नासाठी पुन्हा हात पसरायचा नाही, हा दिल्लीचा निश्चय पक्का झाला, आणि १९६६ मध्येच मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणले गेले.

आता गवत. पुण्यात ते पसरू लागल्याची नोंद १९५५ ची आहे. भारताचा पीएल-४८० खालचा पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. म्हणजे त्या गव्हावर दोष ठेवता येत नाही. अमेरिकी धान्य मात्र आधीही आले होते: जून १९५१ मध्ये ट्रूमनच्या सहीने भारताला २० लाख टन धान्यासाठी कर्ज मिळाले. बी त्यातून आले असण्याची शक्यता उरते.

त्या योजनेतून गहू सोडून आणखी एक गोष्ट झाली, जी फार थोड्यांना ठाऊक असते. गव्हाचे रुपये अमेरिकेच्या खात्यात भारतातच साठत. त्यातल्या काही रकमेतून १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन अमेरिकी विद्यापीठांना पाठवली गेली. तिकडच्या ग्रंथालयांत मराठी पुस्तकांचा जो मोठा संग्रह दिसतो, त्याचे मूळ इथे आहे.

जॉन्सनची कारकीर्द व्हिएतनामसाठी ओळखली जाते. आम्हां अमेरिकेतल्या मराठी माणसांच्या दृष्टीने तिचे महत्त्व काय?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

३ ऑक्टोबर १९६५. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी जॉन्सनने स्थलांतराच्या कायद्यावर सही केली आणि हा काही क्रांतिकारक कायदा नव्हे, असे त्याच वेळी सांगितले. १९४६ च्या कायद्याने भारताचा कोटा होता वर्षाला १०० माणसांचा. नव्या कायद्याने देशाला २०,००० ची मर्यादा दिली, आणि नातेवाईक व शिकलेले व्यावसायिक यांना प्राधान्य. जुलै १९६८ पासून तो पूर्ण लागू झाला. डॉक्टर, इंजिनिअर आधी गेले, भावंडे मागून. आज ग्रीन कार्डासाठी जी वर्षानुवर्षांची रांग आहे ती मात्र थोरल्या बुशच्या सहीने झालेल्या १९९० च्या कायद्यातील मर्यादेमुळे: देश लहान असो की मोठा, वर्षाच्या ग्रीन कार्डांत कोणालाही ७ टक्क्यांहून अधिक वाटा नाही. हे सूत्र बदलणे अध्यक्षाच्या हुकमाच्या कक्षेत येत नाही. काँग्रेसच ते बदलू शकते.

निक्सनला महाभियोगाने काढले का? स्पर्धा परीक्षेसाठी हे सगळे अध्यक्ष लक्षात कसे ठेवायचे?
— एक विद्यार्थी, लातूर

नाही. प्रतिनिधीगृहाच्या न्यायविषयक समितीने जुलै १९७४ मध्ये तीन आरोप मंजूर केले. २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० असा निकाल देऊन वॉटरगेट प्रकरणातल्या ध्वनिफिती देण्यास निक्सनला सांगितले. पूर्ण सभागृहाचे मतदान होण्याआधीच, ९ ऑगस्टला, निक्सन पायउतार झाला. महाभियोग झाले ते अँड्र्यू जॉन्सन (१८६८), क्लिंटन (१९९८) आणि ट्रम्प (२०१९ व २०२१) यांच्यावर. आरोप ठेवण्यास प्रतिनिधीगृहात साधे बहुमत पुरते, दोषी ठरवण्यास सिनेटमध्ये दोन तृतीयांश लागते. तिथे दोषी कोणीच ठरला नाही. अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचला.

अभ्यासासाठी प्रत्येक अध्यक्षापुढे चार रकाने आखा: हाती आलेले संकट, वापरलेला अधिकार (हुकूम, कायदा की सैन्य), कोणी अडवले, आणि मागे काय उरले. पंचेचाळीस जणांसाठी हे करत बसू नका. लिंकन, दोन्ही रूझवेल्ट, ट्रूमन, लिंडन जॉन्सन, निक्सन आणि रेगन एवढ्यांपासून सुरुवात करा. दोन जॉन्सन, दोन रूझवेल्ट आणि दोन बुश यांची गल्लत हमखास होते, तेव्हा नाव पूर्ण लिहा. क्रमांकातही एक मेख आहे: क्लीव्हलँड २२वा आणि २४वा, ट्रम्प ४५वा आणि ४७वा, म्हणून क्रमांक ४७ असला तरी माणसे ४५ आहेत.