मोगरा फुलत नाही

प्रश्न : कोल्हापुरातील आमच्या परसबागेत मोगरा हिरवागार वाढतो, पण दोन वर्षे फुले मोजकीच येतात. काय करावे?

उत्तर : मोगऱ्याची कळी नव्या फुटव्याच्या शेंड्यावर धरते, त्यामुळे जुन्या फांद्या तशाच राखल्या की नुसता पाला वाढतो. डिसेंबरअखेर पाणी कमी करावे, जानेवारीत झुडूप निम्म्यावर छाटून बुंध्याशी कुजलेले शेणखत घालावे आणि मगच पाणी सुरू करावे. थोड्याच दिवसांत पेराशी समोरासमोर दोन कोवळे कोंब दिसतील. रोज पाच-सहा तास ऊन मात्र हवेच. छाटताना हात आखडता घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून मृगापूर्वी बुंध्याशी मातीची भर द्यावी.