दाताची नस मूळपेशींनी परत आणता येते, तर रूट कॅनाल आत्ता करू की थांबू?

तुम्ही लिहिलंय की उजवीकडची खालची दाढ रात्री ठणकते, गुरुवारी रूट कॅनाल ठरलंय, आणि तेवढ्यात नॅनोतंत्रज्ञान आणि मूळपेशी (स्टेम सेल, ज्यांपासून वेगवेगळ्या पेशी बनू शकतात) वापरून दात आतून पुन्हा जिवंत करतात अशी बातमी वाचनात आली. शिवाय आठ वर्षांच्या मुलीचे दुधाचे दात ‘बँकेत’ ठेवावेत का, हेही विचारलंय.

थांबू नका. मी गेली अठरा वर्षं रूट कॅनालचंच काम करते, त्यामुळे यात माझा स्वार्थ दिसला तर दिसू दे. पण वाट पाहिलेल्या दाढा मी पुष्कळ पाहिल्यात. पंधरा दिवसांनी ठणका आपोआप थांबतो, माणूस खूश होतो. बहुतेकदा दाढ बरी झालेली नसते, आतली नस मेलेली असते. मग जंतूंना मुळाच्या टोकापर्यंत रान मोकळं मिळतं आणि काही महिन्यांनी गाल सुजवून पेशंट परत येतो.

बातमी मात्र खोटी नाही. ती तुमच्या दाढेपर्यंत का पोचलेली नाही, ते सांगते.

आपण ज्याला नस म्हणतो तो खरं तर मऊ गर असतो, आम्ही त्याला पल्प म्हणतो. त्यात रक्तवाहिन्या, चेतातंतू आणि डेंटिन, म्हणजे दाताचा आतला टणक थर, तयार करणाऱ्या पेशी असतात. चहूबाजूंनी टणक भिंत. हात सुजला तर कातडी ताणते, इथे सुजायला जागाच नाही, म्हणून तो जीवघेणा ठणका. या गराला रक्त येतं ते मुख्यतः मुळाच्या टोकाच्या भोकातून, आणि मोठ्या माणसात ते भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतं. हे भोक लक्षात ठेवा, सगळं घोडं तिथेच अडलंय.

पेशी मिळवणं त्या मानाने सोपं निघालं. 2000 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ग्रॉन्थोस आणि शी यांच्या गटाने काढून टाकलेल्या अक्कलदाढांच्या पल्पमधून मूळपेशी वेगळ्या केल्या. 2003 मध्ये त्या दुधाच्या दातांतही सापडल्या. ती कल्पना शी यांना त्यांच्या सहा वर्षांच्या लेकीच्या पडलेल्या दातावरून सुचली होती.

माणसांवरचे दोन प्रयोग मला महत्त्वाचे वाटतात. जपानमध्ये मिसाको नाकाशिमा यांनी पाच प्रौढ रुग्णांच्या रूट कॅनाल केलेल्या पोकळीत त्यांच्याच दुसऱ्या, काढलेल्या दाताच्या पेशी सोडल्या. 2017 मध्ये निष्कर्ष आले. नस जिवंत आहे का हे पाहायच्या विजेच्या सौम्य चाचणीला पाचपैकी चार दातांनी प्रतिसाद दिला. दुसरा प्रयोग चीनमधल्या शिआनचा, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला. पडून-आपटून पटाशीच्या दाताची नस मेलेली 40 मुलं घेतली. तिसांच्या दातात त्यांच्याच दुधाच्या दातातून वाढवलेल्या पेशी घातल्या, दहा जणांवर नेहमीचे उपचार केले. वर्षभरानंतर पेशी घातलेल्या दातांची मुळं वाढलेली होती, आत रक्तप्रवाह होता, संवेदना परत आली होती. मेलेल्या दाताला पुन्हा थंड-गरम कळायला लागणं ही आमच्या धंद्यात लहान गोष्ट नाही.

पण शिआनची ती मुलं होती, आणि जपानचे प्रौढ अवघे पाच. कोवळ्या दाताच्या मुळाचं टोक बंद झालेलं नसतं, दरवाजा सताड उघडा असतो, रक्तवाहिन्या सरळ आत शिरतात. पेशीला जगायला रक्तवाहिनी फार तर 200 मायक्रॉनवर, म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या भागावर लागते. तुमच्या दाढेत वाकडेतिकडे तीन-चार कॅनाल, प्रत्येकाच्या टोकाला सुईच्या अग्राएवढं भोक, आणि वर सेंटिमीटरभर उंचीची पोकळी. पेशी सोडल्या तरी वरच्यांना प्राणवायू कोण पोचवणार?

नॅनोची गरज इथे लागते. (शिआनच्या प्रयोगात नॅनो काहीच नव्हतं, पेशींचा नुसता गोळा होता. बातमीदार दोन्ही एकत्र कालवतात.) काकडीच्या वेलाला मांडव लागतो तसा पेशींनाही आधार लागतो. शरीरातला नैसर्गिक मांडव कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचा, जाडी साधारण 50 ते 500 नॅनोमीटर (हजार नॅनोमीटर म्हणजे एक मायक्रॉन). मिशिगन विद्यापीठात पीटर मा यांच्या प्रयोगशाळेने तेवढ्याच बारीक तंतूंचे सच्छिद्र सूक्ष्म गोळे बनवले. ते इंजेक्शनने अरुंद कॅनालमध्ये सोडता येतात आणि नंतर विरघळतात. असे मांडव वाढीचे घटक हळूहळू सोडून रक्तवाहिन्यांना आत बोलावू शकतात. हे काम प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर झालंय.

जंतूंचं दुखणं वेगळंच. डेंटिनच्या भिंतीत मायक्रॉन-दोन मायक्रॉन रुंदीच्या हजारो नळ्या असतात आणि जंतू त्यात दडून बसतात. ते मारायला आम्ही हायपोक्लोराइट वापरतो, म्हणजे घरातल्या ब्लीचचाच भाऊ. तो कडक असला तर मूळपेशींनाही मारतो. 2022 मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी लोहाचा थर दिलेले सिलिकाचे मळसूत्री नॅनोबॉट, म्हणजे अतिसूक्ष्म यंत्रं, चुंबकीय क्षेत्राने या नळ्यांत फिरवून दाखवले. काढलेल्या दातांत ते 2000 मायक्रॉन खोल गेले आणि तिथे उष्णता निर्माण करून जंतू मारू शकले. यातून नस उगवत नाही, पण नस उगवायची तर जमीन आधी स्वच्छ हवी.

आता मुलीचे दात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आपल्याकडे फक्त नाळेतल्या रक्ताच्या बँकेला परवानगी आहे. दाताच्या पेशी साठवून ठेवण्याचा व्यवसाय त्यात बसत नाही. कुणी चकचकीत माहितीपत्रक घेऊन आलं तर पैसे देऊ नका. दात खुशाल कौलावर टाका.

मात्र ती कधी पडली आणि नवा आलेला पटाशीचा दात मेला, तर आजही एक उपाय आहे. कॅनाल हलक्या हाताने धुऊन, मुळाच्या टोकापलीकडे मुद्दाम रक्त काढतात, त्याची गुठळी आत बसू देतात आणि वरून एमटीए नावाच्या सिमेंटने बंद करतात. 2004 मधल्या एका गाजलेल्या केसनंतर ही पद्धत जगभर रुळली. माझ्याकडे सायकलवरून पडलेला नऊ वर्षांचा मुलगा आला होता. दीड वर्षाने एक्स-रेत मूळ लांब आणि जाड झालेलं दिसलं तेव्हा त्याच्या आईपेक्षा मीच जास्त नाचले. आत उगवतं ते बऱ्याचदा अस्सल पल्प नसून हाडासारखं काहीतरी असतं, पण दात टिकतो.

तुमच्यासाठी गुरुवारी विचारायचा एकच प्रश्न: ‘मुळांतली नस अजून जिवंत आहे का? असेल तर फक्त वरचा भाग काढून खालची वाचवता येईल का?’ याला पल्पोटॉमी म्हणतात. पूर्वी ती लहान मुलांपुरती होती, आता रात्री ठणकणाऱ्या मोठ्यांच्या दाढेतही निवडक वेळा करतात. वरचा गर काढल्यावर रक्त काही मिनिटांत थांबलं तर खालचा भाग वाचण्याची आशा असते, वाहतच राहिलं तर पूर्ण रूट कॅनाल. हा निकाल दाढ उघडल्यावरच लागतो, म्हणून प्रश्न इंजेक्शन देण्याआधी विचारा. नंतर तुमचा जबडा बधिर असेल.