गुलाब आणि ऊद एकत्र असलेलं अत्तर लोकांना इतकं का आवडतं? नागपूरच्या हवेत ते चालेल का?

तुमचा प्रश्न असा की गुलाब गोड, ऊद उग्र, मग हे दोन्ही एकत्र कशाला? या जोडीवर माझा फार जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गुलाबाचा वास आपल्या घरचाच. लग्नात गुलाबदाणीतून शिंपडलेलं पाणी, हळदीकुंकवाला हातावर फिरवलेलं अत्तर, गुलकंद. म्हणूनच नुसता गुलाब लावला की अनेकांना तो समारंभी आणि गुळचट वाटतो, आणि लवकर उडूनही जातो. उत्तर प्रदेशातल्या कनौजच्या अत्तर कारागिरांनी यावर फार पूर्वीच तोड काढली. तांब्याच्या देगेत पाकळ्या आणि पाणी घालून तोंड मातीने लिंपतात, खाली जाळ करतात आणि वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती गोळा करायच्या भांड्यात, उतरते. भपका थंड पाण्यात ठेवलेला असतो आणि त्यात आधीच चंदनाचं तेल असतं. म्हणजे जुन्या पद्धतीचं गुलाबाचं अत्तर मुळातच लाकडाच्या आधारावर उभं असतं. चंदनाच्या जागी ऊद आला की तोच आधार जास्त गडद होतो.

हा ऊद म्हणजे धुपाटण्यात घालतो तो नव्हे, अगराच्या लाकडाचं तेल. अगराचं निरोगी लाकूड फिकट असतं, त्याला वास जवळजवळ नसतोच. झाडाला जखम झाली, कीड लागली, आत बुरशी शिरली, की ते स्वतःला वाचवायला गडद राळ तयार करतं. सुगंध असतो तो त्या राळेचा. आसामात होजाईकडे हा मोठा धंदा आहे. जंगलातली झाडं मात्र इतकी तुटली की आपल्याकडच्या अगराच्या व्यापारावर १९९५ पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे.

शुद्ध उदाचा थेंब मनगटावर लावून बघा. पहिली काही मिनिटं गोठा, जुनं चामडं, भिजलेलं लाकूड असलं काहीतरी येतं, आणि बरेच जण तिथेच नाक मुरडतात. थोडं थांबलात तर तासाभराने त्यातून गोडवा वर येतो आणि रात्रीपर्यंत बाहीला चिकटून राहतो. गुलाबाचं खरं काम त्या सुरुवातीच्या मिनिटांत. त्याचा ताजा, किंचित लिंबाळलेला वास उदाचा उग्रपणा झाकतो. पुढे गुलाब विरायला लागला की ऊद त्याला धरून ठेवतो. शिवाय गुलाबाच्या तेलात डॅमॅसेनोन नावाचा एक घटक असतो, एक टक्क्याहूनही कमी, पण वासात त्याचा वाटा मोठा. त्याला शिजवलेल्या सफरचंदाची, मधाची, तंबाखूची छटा असते. माझ्या मते उदाशी गाठ पडते ती इथेच. दोन-तीन तासांनी गुलाब कुठे संपला आणि ऊद कुठे सुरू झाला हे सांगता येत नाही, आणि मला तर तीच वेळ सगळ्यात जास्त आवडते.

आता नागपूर. अरबस्तानात ऊन काही कमी नसतं, आणि तिथे बायका-पुरुष सगळे ऊद लावतात, त्यामुळे उन्हाळ्यात लावूच नये असं मी म्हणणार नाही. पण मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना भरलेल्या बसमध्ये शेजारच्याचं डोकं उठवू नका. तेव्हा खस, म्हणजे वाळ्याचं अत्तरच बरं. बाहेर जायचंच असेल तर कापसाच्या फायाला जेमतेम टेकवून फाया कानाच्या पाळीत ठेवा. पांढऱ्या कपड्यावर लावू नका, उदाचा डाग निघत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मात्र मनसोक्त लावा, या अत्तराचा खरा हंगाम तोच.

घ्यायचं असेल तर इतवारीत किंवा मोमिनपुऱ्यात अत्तराच्या दुकानात जा, ईदच्या गर्दीआधी. एक किलो गुलाबतेलाला तीन-चार टन पाकळ्या लागतात, त्यामुळे काहीशे रुपये तोळ्याने मिळणारं गुलाब-ऊद कृत्रिम असणार हे धरूनच चला. त्यात कमीपणा काही नाही, मोठमोठ्या परदेशी कंपन्यांच्या बाटल्यांतही बहुतेक वेळा ऊद कृत्रिमच असतो. फक्त "शुद्ध आहे" म्हणून कोणी चढा भाव सांगितला तर लगेच पैसे काढू नका. मनगटावर लावून घ्या, सीताबर्डीच्या बाजारात चक्कर मारा, दोन तासांनी पुन्हा वास घ्या. तोवर नुसती साखरेसारखी गोडी उरली असेल तर सोडून द्या. आवडलं तरी पहिल्यांदा सगळ्यात लहान कुपी घ्या, आणि दुकानदार समोर मिसळून देत असेल तर गुलाब जास्त, ऊद कमी असं सांगा.