‘देवावर हवाला’ की ‘देवावर भरवसा’?

प्रश्न मिरजेहून आला आहे. तिथल्या एका दवाखान्यात, अतिदक्षता विभागाबाहेर बसणाऱ्या नातेवाइकांसाठी फलक लिहायचा आहे. मजकूर ठरला तो असा : ‘देवावर हवाला ठेवून धैर्याने वाट पाहा.’ एका वडीलधाऱ्या माणसाला त्यातला ‘हवाला’ खटकला. तो का खटकावा, आणि त्याऐवजी ‘सबुरी’ चालेल का, अशी विचारणा आहे.

वडीलधाऱ्यांचा कान अगदी बरोबर आहे. हवाला हा अरबीतून आलेला व्यवहाराचा शब्द. आपलं देणं किंवा जबाबदारी दुसऱ्याच्या नावावर वळती करणं, हा त्याचा गाभा. हवाली करणे आणि हवालदार ही त्याचीच भावंडं. म्हणून ‘देवावर हवाला ठेवला’ म्हटलं की बोलणाऱ्यानं आपला हात काढून घेतला, असं ऐकू येतं. पुढचं क्रियापदही बहुधा ‘बसला’ नाहीतर ‘सोडलं’ असतं. शिवाय ‘आता सगळं देवावर’ हे वाक्य दवाखान्यात कोणत्या वेळी उच्चारलं जातं ते सर्वांना ठाऊक आहे. आत माणूस झुंजत असताना दारावर ते नको.

भरवसा हाच इथला शब्द. पण तो वापरताना ‘वर’ कुठे लागतो ते पाहावं लागतं, कारण सगळा अर्थ तिथेच फिरतो. ‘देवावर भरवसा ठेवून’ यात भरवसा ठेवणारा माणूस जागा आहे, त्याचे हात चालू आहेत. ‘देवाच्या भरवशावर’ यात दुसरा आधारच उरलेला नाही. पावसाच्या भरवशावरची शेती म्हणजे जिला विहीर नाही की कालवा नाही अशी शेती. शेजाऱ्याच्या भरवशावर म्हैस सोडून गावाला जाता येतं. ‘शेजाऱ्यावर भरवसा ठेवून’ म्हटलं तर त्या शेजाऱ्याची पारख आधी केलेली असते. हिंदीतून आलेलं ‘रामभरोसे’ याच दुसऱ्या बाजूचं, आणखी उतरलेलं रूप.

पहिल्या रचनेचं जिवंत उदाहरण हवं असेल तर शिराळ्याची धूळवाफेवरची भातपेरणी घ्या. पाऊस नसताना, मेच्या अखेरीस रोहिणीच्या सुमारास, नांगरून-कुळवून भुसभुशीत केलेल्या कोरड्या रानात बी पेरायचं आणि मग पावसाकडे डोळे लावायचे. पुरेसा पाऊस लागून राहिला तर भात लवकर हाती लागतं. पण एखादी हलकी सर येऊन बी अंकुरलं आणि मग पावसानं ओढ दिली, तर कोंब जळतात आणि दुबार पेरणी नशिबी येते. हे सगळं माहीत असूनही पेरणारा ‘देवावर भरवसा ठेवून’ पेरतो. त्यानं मशागत सोडली नाही, बियाणं निवडायचं सोडलं नाही. आपल्या हातात नव्हतं तेवढंच देवाकडे दिलं. इथे ‘हवाला ठेवून पेरलं’ म्हणून पाहा, वाक्य लगेच लंगडतं. (जाता जाता : पैसा–पैशाला, ससा–सशाला, तसं भरवसा–भरवशावर. ‘भरवस्यावर’ लिहू नये.)

आता ‘धैर्याने’. हा हिंदीचा परिणाम. हिंदीत धैर्य म्हणजे सबुरी. मराठीत धैर्य म्हटलं की शौर्याच्या जवळचं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. आपल्याकडे या जागी धीर आहे. संस्कृतात धीर हे विशेषण. मराठीनं त्याचं नाम करून त्याला भरपूर कामाला लावलं : धीर धरावा, दुसऱ्याला द्यावा, तो खचतो, सुटतो, आणि कधी विचारायचा ‘धीर होत नाही’. फलकावर ‘धीर धरा’ एवढंच पुरे.

सबुरी चालेल, आणि मिरजेत तर छान चालेल. शब्द अरबी ‘सब्र’च्या कुळातला, शिर्डीच्या ‘श्रद्धा आणि सबुरी’मुळे घरोघरी पोचलेला, मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाणाऱ्याला आणि गणपतीच्या देवळात जाणाऱ्याला तो सारखाच आपला वाटेल. मात्र ‘सबुरीने घ्या’ असं लिहा. नुसतं ‘सबूर’ म्हणजे ‘थांब!’ अशी आज्ञा होते. बोलताना सांगली-साताऱ्याकडे ‘दमानं घ्या’ जास्त जवळचं आहे, पण श्वासाची झुंज चालू असलेल्या खोलीबाहेर ‘दम’ लिहू नये. तो फारसी दम म्हणजे श्वासच, आणि दमा त्याच घरातला. माझ्या मते या सगळ्यांत खरा शब्द ‘कळ काढा’ हा आहे, कारण वाट पाहण्यातली वेदना फक्त तोच कबूल करतो. पण तो शेजारी बसून, पाठीवर हात ठेवून म्हणायचा. भिंतीवर लिहिला तर कोरडा पडेल.

राहता राहिली ‘वाट पाहा’. मराठीत वाट कुणाची तरी असते : पावसाची, एसटीची, लेकाची. (हल्ली ऐकू येणारं ‘पावसासाठी वाट बघतोय’ टाळावं.) फलकावर कुणाची ते लिहिलेलंच नाही, आणि त्या दाराबाहेर बसलेला माणूस ती रिकामी जागा सर्वांत वाईट गोष्टीनं भरतो. तिष्ठणे, ताटकळणे हे शब्द तर दूरच ठेवा. त्यांत उभं राहून पाय दुखणं आहे, विश्वास नाही. अपवाद एकच, पंढरीचा. तिथे भक्तासाठी विटेवर तिष्ठत उभा आहे तो देव.

तेव्हा माझा मजकूर असा, तीन छोट्या ओळींत :

देवावर भरवसा ठेवा.
धीर धरा.
आत उपचार चालू आहेत.

तिसरी ओळ जागेअभावी गाळू नका. ती गेली की पहिली ओळ पुन्हा ‘हवाला’च्या अर्थानं वाचली जाईल.